‘मला मशीनला बांधू नका’

करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात माहेर असलेल्या आणि आता इचलकरंजीत राहणाऱ्या एका ३४ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. वडील ६१ वर्षांचे. तीन एकर ऊस, आणि हंगामात गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काम. १४ वर्षं मधुमेह आहे, ब्लडप्रेशरही आहे. दिवाळीनंतर पाय सुजले म्हणून तपासलं, तर क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठली ते दाखवणारा आकडा) ६.८, ईजीएफआर (किडनी साधारण किती टक्के काम करते तो आकडा) ९ आणि हिमोग्लोबिन ८.१ निघालं. किडनीच्या डॉक्टरांनी हातावर फिस्टुला (मशीननं रक्त गाळायच्या डायलिसिससाठी केलेली धमनी-नीलेची जोडणी) करून घ्यायला आणि प्रत्यारोपणाचा विचार सुरू करायला सांगितलं. वडील म्हणतात, ‘मला मशीनला बांधू नका. लघवी व्यवस्थित होते, मला काही झालेलं नाही.’ भावानं एका वैदूकडून पावडर आणली. दोन महिन्यांत साखर गोळीशिवाय नॉर्मल यायला लागली, क्रिएटिनिन ६.१ वर आलं आणि सगळं घर पावडरीच्या बाजूला झुकलं. आई (वय ५६) किडनी द्यायला तयार आहे, पण आत्या म्हणते, ‘एकाचे दोन पेशंट कशाला करता?’ या भगिनीही द्यायला तयार आहेत, मात्र सासरी तोंड उघडायचं धाडस होत नाही. बाबांना जबरदस्तीनं डायलिसिसला न्यावं का, किडनी कुणी द्यावी, असं त्या विचारतात. आणि शेवटी, जरा संकोचून: बाबा रविवारी पांढरा रस्सा मागतात, तो द्यावा का?

ताई,

सुरुवात साखरेपासून करते, कारण तुमच्या घरात पावडर जिंकली ती साखरेच्या आकड्यावर. शरीरातलं इन्सुलिन मोडून संपवण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. त्यात भूक मेलेली, दोन भाकरींवरचा माणूस अर्ध्या भाकरीवर आलेला. साखर खाली येणारच. ‘डायबेटिस गेला’ म्हणून पेढे वाटलेली घरं मी तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पाहिली आहेत. त्यातल्या एका घरातून पंधरा दिवसांनी पहाटे फोन आला होता. माणूस हाक मारली तर डोळे उघडत नव्हता, आणि साखर ३८. साखरेची जुनी गोळी घरातल्या कुणीतरी ‘असू दे आपली’ म्हणून चालूच ठेवली होती. तुमच्या बाबांची गोळी खरंच बंद आहे का, ते आधी बघा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी तर ईजीएफआर ३० च्या खाली गेला की द्यायचीच नसते.

आता क्रिएटिनिन. ते स्नायूंतून तयार होतं. माणूस वाळला, दंड-मांड्या उतरल्या की किडनी तसूभर सुधारलेली नसतानाही आकडा खाली येतो. बाबांचा सदरा खांद्यावर लोंबतोय का, धोतराचा काष्टा पूर्वीपेक्षा सैल बसतोय का, ते एकदा निरखून पाहा. ६.८ चं ६.१ झालं ते बहुधा तिथेच झालं असावं. मी रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण पोटॅशियम, बायकार्बोनेट, फॉस्फरस आणि हिमोग्लोबिन यांचे आकडे शेजारी मांडा. पावडरीचा गुण असेल तर तेही सुधारलेले दिसले पाहिजेत. माझा अंदाज आहे की ते सुधारलेले नसतील.

भावाशी मात्र भांडू नका. बापासाठी जे सुचलं त्यामागे तो धावला. त्याला एवढंच सांगा की पावडरीचा डबा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवू या. डब्यावर घटक नाहीत, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तर आत काय आहे ते वैदूलाही ठाऊक असेलच असं नाही. अशा चूर्णांत पारा आणि शिसं सापडलेलं आहे. काही वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं आणि ते थेट किडनीच खातं. आयुर्वेदाशी माझं वैर नाही, माझ्या घरीही आडुळसा उकळतो. पण नऊ टक्क्यांवर चाललेल्या किडनीवर बिननावाची पावडर म्हणजे मोडक्या पुलावरून उसाची ट्रॉली नेण्यासारखं आहे.

‘लघवी होते ना’ हे बाबांचं म्हणणं मात्र मला आवडलं, कारण त्याचं उत्तर त्यांच्याच धंद्यात आहे. त्यांना विचारा: काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या कढईत, मळी (रसातली घाण) वर आली आणि कुणी काढलीच नाही, तर रस उकळायचा थांबतो का? थांबत नाही. गूळही पडतो. पण तो गूळ मार्केट यार्डात कोण घेईल? किडनीचं तसंच आहे. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, कामाचं सगळं परत घेतात आणि घाण भरून दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. जाळी निकामी झाली तरी पाणी पुढं जात राहतं, मळी मात्र आतच राहते. निकामी किडनीचे कितीतरी पेशंट दिवसाला लिटरभर लघवी करतात. लघवी किती झाली यावरून तीतून काय गेलं ते कळत नाही. ‘भरपूर पाणी पाजा, किडनी धुऊन निघते’ हा सल्लाही इथेच मोडतो. पाय सुजलेल्या माणसाला पाजलेलं जादा पाणी फुप्फुसात साठतं.

ही मळी साठली की काय होतं, ते तुमच्या पत्रात विखुरलेलं आहेच. हिमोग्लोबिन ८.१ आहे, कारण रक्त तयार करायचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच बनतं. बीट आणि खजूर खाऊन ते भरून येत नाही, त्याला इंजेक्शन आहे आणि सोबत लोह लागतं. ‘बाबा रात्रभर अंग खाजवतात’ असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तेही याचंच. हाडं ठिसूळ होतात, रक्त आम्लधर्मी होतं, ब्लडप्रेशर आवरत नाही. या सगळ्यांत गुपचूप मारणारं ते पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो, आणि बऱ्याचदा आधी काही सांगतही नाही. म्हणून पेशंट बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या हातातलं शहाळं दारातच थांबवा. उसाचा रस, संत्र्याचा रस, केळी तशीच. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. कमरख (स्टारफ्रूट) हे फळ तर अशा पेशंटला थेट विषारी आहे. पालेभाज्या, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मग फोडणी द्या.

कारणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी दोन शब्द. मधुमेह आणि ब्लडप्रेशर ही दोन कारणं तर समोरच आहेत. पण काहिलीसमोर घामाघूम होऊन बारा तास उभा राहणारा माणूस कंबरेसाठी कुठली गोळी घ्यायचा, हे विचारा. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो ती बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक किंवा तत्सम वेदनाशामक असते. आधीच दुखावलेल्या किडनीला ती फार महाग पडते. आजही घेत असतील तर आजच बंद. आणि तुम्ही भावंडं दोघंही साखर, ब्लडप्रेशर आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासून घ्या. निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन हलत नाही, लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी सांगतं. त्या टप्प्यावर सापडलं तर हा आजार वर्षानुवर्षं रोखून धरणारी औषधं आहेत.

आता तुमचा खरा प्रश्न, जबरदस्तीचा. अख्ख्या पत्रात बाबांची दोनच वाक्यं आहेत. भाऊ, आई, आत्या, सगळे बोलतात. ‘बांधू नका’ म्हणजे नेमकं काय, हे त्यांना कुणी विचारलं का? सुईची भीती आहे? खर्चाची? ऊस तोडणीला आल्यावर शेताकडं जाता येणार नाही याची? का गावात कुणाचं तरी डायलिसिस सुरू झालं आणि महिन्यात तिरडी उठली, ते डोळ्यांसमोर आहे? हे शेवटचं फार घरांत असतं. ‘एकदा लावलं की सवय लागते’ ही समजूतही त्यातूनच आलेली आहे. माणूस आज-उद्या करत शेवटच्या घटकेला पोचतो, मानेत नळी घालून रात्री दोनला डायलिसिस होतं, त्याचं शरीर आधीच खचलेलं असतं आणि नाव मशीनचं खराब होतं. सवय मशीनची लागत नाही. साप चावून, लेप्टोच्या तापानं किंवा जुलाबांनी किडनी अचानक बसते, तेव्हा काही डायलिसिसनंतर ती पुन्हा चालू होऊ शकते आणि मशीन सुटतं. बाबांची १४ वर्षांत झिजलेली आहे, ती परत येणार नाही. म्हणून त्यांना ते कायम लागेल, किंवा नवी किडनी लागेल.

मला जे सांगायचंय ते एवढंच: नकार दिल्यानं डायलिसिस टळत नाही. ते कधी, कुठं आणि कसं व्हावं हे ठरवणं तेवढं आपल्या हातून जातं. फिस्टुला हा त्या ठरवण्याचा भाग आहे. मनगटाजवळ किंवा कोपराशी धमनी आणि नीला जोडतात. छोटी शस्त्रक्रिया असते, बहुतेक वेळा फक्त तो भाग बधिर करून होते. ती नीला फुगून सुई टोचण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे तरी लागतात, मधुमेहात कधी जास्त. फिस्टुला केला म्हणजे दुसऱ्या दिवशी डायलिसिस सुरू होत नाही. निव्वळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर ते सुरू करतही नाहीत. माणसाची धाप, उलट्या, भूक, वजन, पोटॅशियम हे बघून ठरवतात. फिस्टुला करून चार-सहा महिने मजेत राहिलेले लोक आहेत.

माझ्याकडे एक जुना तालमीतला गडी यायचा. फिस्टुला झाल्यावर तो माझी बोटं धरून स्वतःच्या मनगटावर ठेवायचा. आत मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागायची. ‘डॉक्टर, इंजिन चालू आहे बघा,’ असं म्हणायचा. रोज सकाळी ती थरथर तपासायची, ती थांबली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या बाबांना असा एखादा माणूस भेटवा. डॉक्टरांची परवानगी काढून एका सकाळी डायलिसिस युनिटमध्ये त्यांना तासभर नुसतं बसवा. चार तास पेपर वाचणारे, मोबाईलवर कुस्त्या बघणारे, घोरणारे लोक दिसतील. थकलेलेही दिसतील, तेही दिसू देत. तोवर एक काम आजपासून करा: डाव्या हाताच्या शिरा जपा. उजव्या हातानं काम करणाऱ्याचा फिस्टुला बहुधा डाव्या हातावर करतात, म्हणून त्या हाताला सलाईन नाही, रक्त काढणं नाही. सिस्टरला दर वेळी तोंडानं सांगायचं, लाजायचं नाही. हिपॅटायटिस बीची लसही आताच सुरू करा.

मशीनलाच बांधून घ्यायचं नसेल तर पोटाचं डायलिसिसही आहे. पोटात एक नळी कायमची बसवतात आणि घरच्या घरी साधारण दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा आत सोडून बाहेर काढतात. स्वच्छता काटेकोर लागते, पोटात जंतुसंसर्गाचा धोका असतो, शिवाय पिशव्यांत साखर असते. पण आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला खेप घालायची नाही. तुमच्या गावाला हे विशेष लागू आहे, कारण तुम्ही नदीकाठचे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात रस्ते बंद झाले, हायवेसुद्धा शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. डायलिसिसचा पेशंट पुरात अडकणं किती जिवावरचं असतं ते मी तेव्हा फोनवर ऐकलंय. म्हणून मशीनचा मार्ग घेतलात तर पावसाळ्याचा बेत आधीच करा. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडं सरकायला लागली की बाबांना शहरातल्या पाहुण्यांकडं हलवायचं, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. पिशव्यांचा मार्ग घेतलात तर जूनमध्येच त्यांचा साठा माळ्यावर ठेवा. खेप चुकलीच तर मीठ, पाणी आणि फळं हात आखडून द्यायची, हेही घरात सगळ्यांना ठाऊक असू दे.

आणि सगळं बघून, समजून बाबा ‘नको’च म्हणाले तर? मग जबरदस्ती करू नका. शुद्धीवरच्या माणसाला नाही म्हणायचा अधिकार आहे. तेव्हाही दवाखाना सुटत नाही. खाज, धाप, मळमळ, झोप या प्रत्येकावर उपचार आहेत आणि ते शेवटपर्यंत मिळाले पाहिजेत. पण तो नकार पावडरीच्या भरवशावर दिलेला नसावा. तो त्यांचाच आहे, एवढी खात्री करा. आडवं झाल्यावर धाप लागणं, थांबत नसलेली उचकी, गुंगी, लघवी एकाएकी कमी होणं, छातीत दुखणं किंवा हातापायातलं बळ गेल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

किडनी कुणी द्यायची? आत्याबाईंचं ‘एकाचे दोन पेशंट’ हे वाक्य ऐकायला बिनतोड वाटतं. पण दात्याची तपासणी पेशंटपेक्षाही कडक होते. आईला मधुमेह असेल, लघवीत प्रथिनं जात असतील, तर डॉक्टरच नाही म्हणतील. राहिलेली एक किडनी काही महिन्यांत वाढून पूर्वीच्या दोघींच्या साधारण सत्तर टक्के काम उचलते. धोका शून्य नाही. शस्त्रक्रियेत दात्याच्या मृत्यूचा धोका दहा हजारांत तीनच्या आसपास धरतात, आणि पुढं आयुष्यभर दर वर्षी तपासणी करावी लागते. रक्तगट जुळला नाही तरी दार बंद होत नाही, तशाच अडलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करायला कायद्यानं परवानगी आहे. बाबांचं हृदय शस्त्रक्रिया झेपण्याजोगं आहे का, हे मात्र आधी बघावं लागेल. १४ वर्षांच्या मधुमेहात तो प्रश्न मोठा असतो. नंतरही गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत.

तुमच्याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. तुमची तयारी खरी आहे, पण तुम्ही मधुमेही वडिलांची ३४ वर्षांची मुलगी आहात. तुम्हाला स्वतःला पुढं मधुमेह होण्याची शक्यता डॉक्टर गांभीर्यानं घेतील. अजून मूल हवं असेल तर किडनी दिल्यानंतरच्या गरोदरपणात ब्लडप्रेशरचा त्रास वाढू शकतो, हेही धरावं लागेल. त्यामुळे क्रमानं आधी आई तपासली जाईल, हे बरंच आहे. एक गोष्ट मला टोचली. पत्रात देणाऱ्या म्हणून दोघी बायकाच आहेत. भावाचं नाव त्या यादीत का नाही? आपल्या देशात देणाऱ्या बहुतेक बायका आणि घेणारे बहुतेक पुरुष असतात. म्हणूनच दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्या कुणीतरी पडताळून घ्यावी, असं नियमांतच लिहिलंय. आईला डॉक्टरांकडं एकटीला बोलू द्या. तिनं त्या खोलीत नको म्हटलं, तर बाहेर ‘तपासणीत बसत नाही’ एवढंच सांगितलं जाऊ शकतं. सासरी तुम्ही काय बोलायचं ते आईच्या तपासण्या झाल्यावर ठरवा, त्याआधी घरात वणवा पेटवायचं कारण नाही. सोबत मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडं नोंदणी करून ठेवा. ती रुग्णालयामार्फतच होते.

पैशाचं म्हणाल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यात आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आहे, किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख केली आहे. प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च मात्र आधीच वेगळा विचारून घ्या, हिशेब तिथं चुकतात. डायलिसिसच्या पेशंटला एसटीच्या प्रवासातही सवलत असते, डेपोत दाखला कुठला लागतो ते विचारा.

राहिला रस्सा. संकोच कसला, कोल्हापुरात हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय. मटण शिजवलेलं पाणी म्हणजेच पांढरा रस्सा, आणि मटणातलं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं. वर नारळाचं दूध, काजू, खसखस, मीठ. तांबडाही त्याच वाटेवरचा. तेव्हा वाटी नको. त्यापेक्षा मटण जास्त पाण्यात शिजवा, ते पाणी ओतून द्या आणि दोन-तीन फोडी कमी मिठात सुक्या करून वाढा. प्रथिनं किती ते आहारतज्ज्ञाला विचारा. आता ती मोजून द्यायची असतात, डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवतात. रस्सा भाकरीच्या एका घासाला लागेल एवढाच, आणि तोही ताज्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम आटोक्यात असेल तरच. बाकीच्यांनी त्या दिवशी त्यांच्यासमोर बसून वाट्याच्या वाट्या ओरपू नयेत.